साडेतीन तासांची मॅरेथॉन आणि तुझा आठवडा

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला, प्लॅनचा स्क्रीनशॉट पण बघितला. "हो, कर, जमेल" एवढं लिहून मोकळं होता आलं असतं पण तू विचारलंयस ते दोन ओळींत आटपणारं नाहीये म्हणून निवांत बसून लिहितेय. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, दर किलोमीटरला ४ मिनिटं ५८ सेकंद, आणि हे सगळं नोकरी, लोकल, सकाळचं पाणी भरणं, आईला मदत हे सांभाळून. जमेल. पण त्या प्लॅनने नाही जमणार.

तो प्लॅन वाईट नाहीये. आठवड्याला सहा दिवस, ऐंशी-नव्वद किलोमीटर, दोन हार्ड सेशन, रविवारी लाँग रन. पण ज्याने लिहिलाय त्याच्या डोळ्यासमोर जो माणूस आहे तो रन संपवून घरी येतो, आंघोळ करतो आणि गाडीत बसून दहा वाजता ऑफिसला जातो, किंवा कॅम्पमधला खेळाडू आहे ज्याला दुपारी झोपायला मिळतं. तू भांडुपहून गर्दीच्या लोकलमध्ये एका पायावर उभी राहून कुर्ल्याला उतरतेस, तिथून शेअर रिक्षाच्या रांगेत, मग बीकेसीत नऊ तास, आणि परत तेच. शरीर याचा वेगळा हिशोब ठेवत नाही गं. इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात थोडं हळू असं आलटून पालटून धावून आलेला थकवा आणि साडेसहाच्या लोकलचा थकवा, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. म्हणून प्लॅनच्या आधी मला तुझा आठवडा हवाय, आहे तसा, कधी उठतेस, पाणी किती वाजता येतं, कुठल्या दिवशी ऑफिसला उशीर होतोच होतो, झोपतेस कधी. हे सगळं कागदावर लिही. त्यात जी जागा उरते तिथे धावणं बसवायचं, आणि ती जागा चार दिवसांची निघाली तर चार दिवसच धावायचं. मनापासून सांगते, चार दिवस सहा महिने न चुकता धावलेली मुलगी सहा दिवसांचा प्लॅन पाच आठवडे करून नडगी धरून बसलेल्या मुलीपेक्षा पुढे असते.

आता तुझे आकडे. गेल्या जानेवारीत ३:५२. पहिली हाफ १:४६, दुसरी २:०६. हे नीट बघ. पहिल्या हाफचा पेस किलोमीटरला ५ मिनिटं १ सेकंद आहे, म्हणजे साडेतीनच्या अगदी जवळ तू अर्धी रेस धावलीच होतीस. आणि नुसत्या हाफ मॅरेथॉनचं तुझं बेस्ट १:४२ आहे, त्या मानाने साडेतीन अवघड आहे पण हवेतलं नाहीये. तेव्हा स्पीड कमी पडला नाही, तिसाव्या किलोमीटरनंतर पाय आणि पेट्रोल दोन्ही संपलं. आणि तू त्यावर उपाय म्हणून काय केलंस, तर मार्चपासून रोजचे रन आणखी जोरात मारायला लागलीस. तुझं स्ट्रावा, ते धावण्याची नोंद ठेवणारं ॲप, उघडून बघितलं मी. मंगळवार किलोमीटरला ५:२०, गुरुवार ५:२५, शनिवार ५:२०. हे इझी रन नाहीत. इतके जोरात की दुसऱ्या दिवशी पाय जड, आणि इतके हळू की त्यातून वेग पण येत नाही. तुझे इझी रन ६:१० ते ६:३० ला पाहिजेत आणि आत्ता जुलैच्या दमटपणात ६:४० झाले तरी चालतील. गप्पा मारत धावता आलं पाहिजे, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. केनियाचे जे धावपटू रेसमध्ये किलोमीटर तीन मिनिटांच्या आसपास काढतात ते रिकव्हरीच्या दिवशी पाच मिनिटांच्याही पुढे आरामात जॉग करतात, आणि त्यांच्याकडे झोपायला अख्खी दुपार असते. ग्रुपमधली बाकीची पुढे गेली तर जाऊ दे. हे तुला सगळ्यात जड जाणार आहे मला माहितीये, पण सगळ्यात जास्त फायदा पण इथेच आहे.

चार दिवस म्हणजे साधारण असं बघ. मंगळवारी सकाळी थोडं जोरात काम, गुरुवारी दहा किलोमीटर इझी, शनिवारी आठ इझी, रविवारी लाँग रन. सगळं मिळून आत्ता पंचेचाळीस, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत साठच्या आसपास, त्याच्या वर जायची गरज नाही. मंगळवारचं जोरात काम म्हणजे दोन किलोमीटर वॉर्मअप, मग ४:४० च्या आसपास तीन वेळा दोन-दोन किलोमीटर, मधे दोन मिनिटं हळू जॉग, मग कूलडाऊन. याला टेम्पो म्हण, थ्रेशोल्ड म्हण, संपल्यावर "अजून एक जमला असता" असं वाटलं पाहिजे, आडवं पडायची वेळ यायला नको. चढासाठी पंधरा दिवसांतून एकदा पवईला हिरानंदानीच्या चढावर जा किंवा मुलुंडला योगी हिल्सला, तुला दोन्ही जवळ आहेत.

पाण्याचं काय करायचं विचारलंस. साडेपाचला पाणी येतं आणि सातला जातं आणि तू भरतेस, बरोबर? मग मंगळवार आणि गुरुवार भावाला सांग, बारावी असली तरी आठवड्यात दोन दिवस हंडे-बादल्या भरल्याने त्याचे मार्क कमी होणार नाहीत, बाकीचे दिवस तू भर. पण हे आधी बोलून ठरव, आईसमोर, आणि जानेवारीपर्यंतच आहे हे पण सांग. घरच्यांना न विचारता पहाटे निघून जायचं आणि मग कोणी काही बोललं की वाईट वाटून घ्यायचं असं खूप मुलींचं होताना बघितलंय, त्यात धावणं पण सुटतं आणि घरात कुरबुर पण राहते. आईला एकदा रेसला घेऊन ये. मरीन ड्राइव्हवर उभी राहून बघू दे लेक काय करते ते.

आणि एखाद्या मंगळवारी सकाळी नाहीच जमलं तर संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बीकेसीतच आतल्या रुंद रस्त्यांवर सात-आठ किलोमीटर धावून घे, तेवढ्यात लोकलची गर्दी पण थोडी ओसरते. एलबीएस रोडवरून धावत घरी यायचा विचार मात्र करू नकोस, धूर, खड्डे, बस, काही अर्थ नाही.

झोपेचं मी कडक सांगणार आहे. सात तास. रात्री साडेपाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवशीचं जोरात काम रद्द, त्याऐवजी इझी धाव किंवा सरळ झोप. बुडलेला रन दुसऱ्या दिवशी जोडून भरून काढायचा नाही, गेला तो गेला. गणपतीत जागरण होणार, आरत्या होणार, मोदक होणार, तो आठवडा आधीच हलका लिहून ठेव म्हणजे मनाला टोचणी नको. दिवाळी तशीच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लग्नं असतील, लग्न शनिवारी रात्री असेल तर लाँग रन रविवारी ओढून ताणून करू नकोस, शुक्रवारी पहाटे कर किंवा आठवडाभर पुढे ढकल. आणि श्रावणातले, नवरात्रातले उपवास करायचे तर कर, तो तुझा प्रश्न आहे, फक्त उपाशी पोटी लाँग रन नको, नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास असेल तर ते दिवस फक्त इझी.

पावसाचं बोलते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये धावायचं म्हणजे भिजायचंच, त्याचं काही नाही, पण साचलेल्या पाण्यातून धावू नकोस, अजिबात नाही. लेप्टोचा जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि पायाला बारीकशी जखम असली तरी शरीरात शिरतो, धावणाऱ्यांच्या पायाला कुठे ना कुठे फोड असतोच. चुकून पाण्यातून जावं लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धू आणि डॉक्टरला विचार गोळी घ्यायची का ते. शूज ओले झाले की आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेव, दोन जोड असले तर आलटून पालटून वापर. कार्बन प्लेटचे महागडे शूज आत्ता घेऊ नकोस, एका पगारातले एवढे पैसे त्यात घालण्यापेक्षा रक्ततपासणी कर, ती जास्त उपयोगाची आहे.

कारण तू शाकाहारी आहेस, पाळी येते, आणि आठवड्याला पन्नास किलोमीटर धावतेस. हिमोग्लोबिन नुसतं बघून भागत नाही, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा बघ, बी१२ आणि डी पण. हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन तळाला असलेल्या धावणाऱ्या मुली असतात, त्यांना वाटतं आपण आळशी झालोय. रिपोर्ट आल्याशिवाय मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नकोस. आणि जेवण झाल्या झाल्या चहा प्यायची सवय आहे ना तुला, तो चहा तासभर पुढे ढकल, चहा जेवणातलं लोह अंगाला लागू देत नाही. पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणायचं नाही, खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, सरळ डॉक्टरकडे जायचं. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा झाली आणि धावताना ती वाढत गेली तर धावणं त्या क्षणी थांबव. ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर असू शकते, त्यावर धावून काही साधत नाही, सहा-आठ आठवडे मात्र जातात. आठवड्यातून दोनदा घरीच वीस मिनिटं पायरीवर काफ रेज, एका पायावर स्क्वॉट, प्लँक, एवढं कर, जिम नको.

आता लाँग रन, कारण तुझी रेस इथेच ठरणार आहे. आत्ता अठरा-वीस, ऑक्टोबरपर्यंत सव्वीस, डिसेंबरमध्ये दोन वेळा तीस-बत्तीस, आणि नोव्हेंबरपासून काही लाँग रनमधले शेवटचे आठ-दहा किलोमीटर रेस पेसला, ४:५८ ला. थकलेल्या पायांनी तो पेस ओळखीचा झाला पाहिजे. पहाटेच्या लोकलने येत असशील तर ग्रुपमधल्या कोणाबरोबर तरी ये, लेडीज डबा त्या वेळी रिकामा असतो, एकटी बसू नकोस. मरीन ड्राइव्ह, वरळी, शिवाजी पार्क, कुठेही चालेल पण अंधारात दोन्ही कानात गाणी नकोत. ऑक्टोबर हीटमध्ये घड्याळाकडे न बघता धाव. हवा दमट असली की घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही, हृदय जोरात पळतं, तेव्हा किलोमीटरला वीस-तीस सेकंद हळू गेलीस तरी मेहनत तेवढीच झालेली असते. थंडीत हवा खराब असते त्या दिवशी एक्यूआय बघून निघ, फारच वाईट असेल तर जोरात काम त्या दिवशी नको.

आणि लाँग रनमध्ये खायला शीक. गेल्या वेळी अख्ख्या रेसमध्ये एक एनर्जी जेल घेतलंस, बाकी पाणी. शरीरातला कर्बोदकांचा साठा तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत कसाबसा पुरतो, आणि बरोबर तिथेच तू गळालीस. तासाला ५०-६० ग्रॅम कार्ब जायला हवेत, एका जेलमध्ये साधारण २२ ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर पंचवीस मिनिटांनी एक. महाग पडतात, म्हणून सरावात खजूर, साखर-मीठ-लिंबाचं पाणी चालेल, पण रेसला जे वापरणार ते शेवटच्या चार-पाच लाँग रनमध्ये पोटाला दाखवून ठेव. पाणी तहानेप्रमाणे घोट-घोट, प्रत्येक टेबलावर ग्लासभर ढोसायचं नाही, जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं.

रेस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीचाच आठवडा. तिळगूळ खा, पण हळदीकुंकवाला घरोघरी फिरून तासन् तास उभं राहणं त्या वर्षी आईवर सोपव. शेवटचे तीन आठवडे धावणं हळूहळू निम्म्यावर आणायचं, तेव्हा पाय विचित्र दुखतील, आपण सगळं विसरलो असं वाटेल, घाबरून एक्स्ट्रा रन करू नकोस. शेवटचे दोन दिवस भात, बटाटा, पोळी, पोहे भरपूर, उसळी आणि कच्ची कोशिंबीर कमी. सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास असते, तू साडेआठपर्यंत आत आलीस तर ऊन चढायच्या आधी सुटशील. पहिले पाच किलोमीटर ५:०५ ला, गर्दी तुला ओढेल, जाऊ नकोस. सी लिंकवर वारा असेल तर कोणाच्या तरी मागे लाग. आणि पेडर रोडचा चढ, परतीचा, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो, जिथे गेल्या वेळी तू चाललीस. तिथे घड्याळ बघायचं नाही, पावलं छोटी, हात चालू, पंधरा-वीस सेकंद गेले तर गेले, उतारावर परत मिळतात. रूट थोडाफार बदलतो, डिसेंबरमध्ये नकाशा आला की आपण दोघी बसून बघू.

तिसाव्या किलोमीटरपर्यंत सगळं नीट गेलं आणि तरी ३:३४ आली तर मला चालेल, मला खूप आनंद होईल, कारण ती अठरा मिनिटं तू नोकरी आणि घर सांभाळून कमावलेली असशील. तुला त्या दिवशी ते पटणार नाही म्हणून आत्ता लिहून ठेवते.

या रविवारी सहाला शिवाजी पार्कला ये, तुझ्याबरोबर मी ६:४० ने सोळा धावणार आहे, पुढे पळायचं नाही. आठवडा लिहिलेला कागद आण, आणि शनिवारी सकाळी लॅबमध्ये फेरिटिन देऊन ये.

तुझी,
ताई