कुत्र्याचं पिल्लू आपल्या घरात शू करत नाही, पण मावशीकडे पाहुणं म्हणून नेलं की तिथे करतं. असं का?

कारण त्याच्या लेखी 'घरात करायची नाही' म्हणजे 'या घरात करायची नाही', एवढंच. कुत्रा एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप लावत नाही. त्यामुळे मावशीचा हॉल त्याला नवीन मैदानच वाटतो, त्यात तिच्याकडे आधी कुत्रा असेल तर त्या वासावर हमखास करणार.

पोहोचल्यावर थेट आत नेऊ नका. आधी खाली फिरवा, शू झाली की तिथल्या तिथे खाऊ द्या, मग वर न्या. आत पट्टा सोडू नका. पहिले काही तास त्याला तुमच्याजवळ एकाच खोलीत ठेवा. मोकळं सोडलं की सोफ्यामागे जातंच. झोपून उठलं, जेवलं, खेळलं की लगेच बाहेर. तीन महिन्यांचं पिल्लू जागेपणी तीन-चार तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही, नव्या जागेच्या उत्साहात तर त्याहूनही कमी.

झालीच तर ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका. ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकेल. डाग एन्झाइमवाल्या (लघवीचे घटक तोडून वास घालवणाऱ्या) क्लीनरनेच पुसा. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास लघवीसारखाच येतो.

स्वतःच्या घरीही अचानक वारंवार व्हायला लागलं, तर मात्र व्हेटला दाखवा, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.