गोल फिरणारा चंदेरी माशांचा थवा कोणता, आणि त्याच्या जवळ कसे जावे?

पाण्याखालच्या चित्रफितींत शेकडो चंदेरी मासे एकत्र गोल फिरताना दिसतात, ते कोणते, असे का फिरतात आणि त्यांच्या जवळ कसे जावे, असे आपण विचारले आहे. बहुधा ते बिगआय ट्रेवली असावेत. पाणबुडे त्यांना नुसते ‘जॅक’ म्हणतात. मोठा डोळा आणि पाठीवरच्या दुसऱ्या पराचे पांढरे टोक या खुणांवरून ते ओळखता येतात.

हा मासा प्रामुख्याने रात्री शिकार करतो. अंधार पडू लागला की थवा पांगतो आणि मासे एकेकटे किंवा लहान गटांत लहान मासे व कोळंबीसारखे कवचधारी जीव शोधत फिरतात. त्यामुळे दिवसा दिसणारा तो भोवरा शिकारीचा नसून बव्हंशी विश्रांतीचा असतो, आणि माझ्या मते पाणबुड्याने सर्वप्रथम हेच लक्षात घ्यायला हवे. विसावलेल्या थव्याला आपल्यापासून पळण्याची घाई नसते. पण त्याच्या मध्यातून पोहत गेल्यास तो फुटतो, आणि खालून सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे त्याच्यातून वर गेले तरी विस्कळीत होतो. म्हणून थव्याच्या पातळीवर, थोडे बाजूला, हातपाय न हलवता थांबावे आणि संथ श्वास घ्यावा. अनेकदा थवाच वळून आपल्याभोवती येतो. पाहण्याच्या नादात खोली वाढत जाते, तेव्हा मापकावर नजर असू द्यावी.

इतके मासे एकमेकांवर आदळत कसे नाहीत, हे मला आजही विलक्षण वाटते. शेजाऱ्याची हालचाल ते डोळ्यांनी टिपतातच, शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्वरेषा पाण्यातला सूक्ष्म दाबबदल जाणवून देते. थव्याच्या कडेला विणीच्या जोड्याही निरखाव्यात: नर काळा पडतो आणि चंदेरी मादीला अगदी खेटून पोहतो.

पाहण्यासाठी मलेशियातील सिपादान बेट आणि मेक्सिकोतील काबो पुल्मो ही नावाजलेली ठिकाणे आहेत. काबो पुल्मोला १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, स्थानिकांनी तेथे मासेमारी थांबवली, आणि १९९९ ते २००९ या काळात तेथील माशांचे एकूण वजन (जैवभार) ४६० टक्क्यांहून अधिक वाढले. असे दाट थवे जाळ्यात सहज सापडतात; म्हणून जिथे मासेमारीवर खरोखर बंदी पाळली जाते, अशीच जागा निवडावी.