कंसात लिहिलेली गोष्ट

प्रिय मावशी,

मी मूळची मंचरची, वय २६. एमएस झाल्यावर ओहायोत, कोलंबसला नोकरी करते. प्राण्यांची चित्रं काढायचा नाद लहानपणापासूनचा. इथं आल्यावर फरी मंडळींची ओळख झाली. माणसासारखे बोलणारे-चालणारे प्राणी आवडणारी ही माणसं, प्रत्येकाचं स्वतःचं एक प्राणी-पात्र असतं, त्याला फरसोना म्हणतात. माझं शेकरू आहे. आठवीच्या सहलीत भीमाशंकरला पाहिलेलं ते डोक्यातून गेलंच नाही.

गेल्या वर्षी मी, मैत्रीण एम आणि चेन्नईचा एक मित्र असे तिघं पिट्सबर्गला अँथ्रोकॉन या संमेलनाला गेलो होतो. यंदाही जायचंय. अडचण अशी की माझी सख्खी आत्या पिट्सबर्गजवळ राहते. तिला गेल्या वर्षी ‘ऑफिसची कॉन्फरन्स’ म्हणून सांगितलं होतं. या वेळी ती म्हणते, हॉटेलात कशाला, घरी ये, शनिवारी पेन हिल्सच्या बालाजीच्या देवळात जाऊ. आणि फरसूट, म्हणजे आपल्या प्राण्याचा फरचा पोशाख, घातलेल्यांची संमेलनातली मिरवणूक नेमकी शनिवारी! आत्याला कळलं की बाबांना कळणार, बाबांना कळलं की सगळ्या मंचरला. आत्या प्रेमळ आहे, पण तिचे प्रश्न संपत नाहीत. तिला काय सांगू?

सात महिने खपून मी यंदा शेकरूचं हेड, म्हणजे डोक्यावर चढवायचं तोंड, पंजे आणि शेपटी केलीय. मिरवणुकीत चालावं असं फार वाटतं. एमनं मात्र धरूनच चाललंय की मी पुन्हा तिची हँडलर, म्हणजे सूट घातलेल्या तिला सांभाळणारी, असणार. (गेल्या वर्षी खोलीचे पैसे तिनंच भरले होते, मी फक्त गाडीच्या पेट्रोलचे दिले.) आणि मावशी, खरं सांग, माझ्यात काही बिघडलंय का?

— शेकरू, कोलंबस

प्रिय शेकरू,

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढते, नाहीतर तो मधेमधे लुडबुड करत राहील. नाही, काही बिघडलेलं नाही. अशा लोकांचं पहिलं संमेलन १९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला भरलं, जेमतेम ६५ माणसं जमली होती. तुझं अँथ्रोकॉन १९९७ साली ऑल्बनीत सुरू झालं, २००६ पासून पिट्सबर्गात आहे आणि २०२४ साली तिथं १७ हजारांच्या वर माणसं होती. म्हणजे हे खूळ तुझ्याही आधी जन्मलंय, तू ते शोधून काढलेलं नाहीस. तिथं प्रौढांसाठीचा वेगळा कोपरा असतो आणि तिथं वय तपासून सोडतात, हेही मला ठाऊक आहे. तिकडं फिरकायचं की नाही हे सव्वीस वर्षांच्या बाईनं मावशीला विचारायचं नसतं.

आता तुझ्या पत्राकडे येते. मी ते दोनदा वाचलं. आत्यावर तू भरभरून लिहिलंयस. तिचा स्वभाव, तिचे प्रश्न, मंचरपर्यंत जाणारी बातमीची वाट, सगळं. एमवर एक वाक्य, आणि त्याच्यामागे कंस. पत्रं वाचून वाचून मला एक खोड लागलीय, मी कंस आधी वाचते. माणूस जे सांगायला लाजतो आणि न सांगताही राहवत नाही, ते तो तिथं ठेवतो. तुझी खरी गाठ त्या कंसात आहे, शेकरू. आत्या बिचारी उगीच पुढं उभी केलीयस.

हे मी एवढं ठामपणे का म्हणते ते सांगते. २०१८ च्या जुलैत मी लेकीकडे पिट्सबर्गला होते. शनिवारी दुपारी आम्ही नदीकाठाकडे जेवायला निघालो तर कन्व्हेन्शन सेंटरच्या बाजूला ही गर्दी. बाबागाड्या घेऊन आलेली कुटुंबं, घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले आजी-आजोबा, आणि समोरून कोल्हे, लांडगे, ड्रॅगन हात हलवत चाललेले. माझी नात आधी माझ्या मागे लपली, दहा मिनिटांनी एका निळ्या कुत्र्याला टाळी देऊन आली. मिरवणूक सरली तरी माझी नजर मात्र दुसरीकडे अडकली होती. भिंतीच्या सावलीत एक पट्टेरी वाघ उभा होता, अंगभर सूट. त्याच्या शेजारी एक बारीक अंगाची मुलगी. पाठीवर सॅक, गळ्यात दुसऱ्या कुणाचा तरी कॅमेरा, काखेत एक छोटा पंखा. तिनं बाटलीत लांब स्ट्रॉ घातली, ती वाघाच्या जबड्यातून आत सरकवली आणि बाटली धरून उभी राहिली. तेवढ्यात तीन-चार जण फोटो काढायला आले. त्यातला एक जण तिला हातानं खूण करून म्हणाला, जरा बाजूला होतेस का? ती झाली. बाटलीसकट.

तुझं पत्र वाचताना मला वाघ आठवला नाही, ती आठवली.

हँडलरचं काम हलकं नाही हे मला मान्य आहे. सूटच्या डोळ्यांना जाळी असते, त्यातून समोरचं धूसर दिसतं, पायाखालचं तर दिसतच नाही. ऐकायला कमी येतं. जिना आला की कुणीतरी हात धरावा लागतो. मागून एखादं पोरगं येऊन शेपटी ओढतं. जुलैच्या उकाड्यात फरच्या आत माणूस अक्षरशः उकडून निघतो, त्याला वेळेवर आडोशाला नेऊन हेड काढायला लावणं ही जोखमीची गोष्ट आहे. मैत्रीत हे काम कुणीही आनंदानं करावं. पण आळीपाळीनं. तीन दिवस एकच माणूस सॅक वाहतो आणि एकाच माणसाचे फोटो निघतात, तेव्हा त्या दोघांमध्ये मैत्री असेलही, पण त्या तीन दिवसांत ती दिसत नाही.

आणि हे एमनं तुझ्यावर लादलं असंही मला वाटत नाही. गेल्या वर्षी तुमच्यात एक व्यवहार झाला, फक्त तो कुणी बोललं नाही. तिनं खोली भरली, तू हात धरलास. चार जुलैच्या आसपासच्या दिवसांत त्या भागातली हॉटेलं स्वस्त नसतात, म्हणजे तिनं बरीच मोठी रक्कम सोडली असणार. तिच्या हिशेबानं ती यंदाही तेच करणार आहे आणि तूही तेच करणार आहेस. तिला वाटतं सगळं ठरलंय. तुला वाटतं ती गृहीत धरते. दोघीही खऱ्या आहात. पण तिनं भरलेल्या खोलीत झोपून तिला ‘मी यंदा तुझी सॅक धरणार नाही’ म्हणणं तुला जड जातंय, आणि ते जड जाणं चांगल्या घरातल्या पोरीचं लक्षण आहे.

म्हणून आधी पैसे. बोलणं नंतर. खोलीच्या भाड्याचे तीन भाग कर, तुझा भाग आजच तिच्या खात्यावर टाक. गेल्या वर्षीचेही देऊ का, असं मनात येईल. ते देऊ नकोस, तिला अपमान वाटेल आणि ते तू तीन दिवस राबून फेडलेच आहेत. यंदाचे मात्र पै न पै. तिघांना परवडत नसेल तर चौथा माणूस घ्या, पण सहा-सहा जण एका खोलीत कोंबून घ्यायच्या भानगडीत पडू नका. पहाटे चारला चौघांचे ओले सूट वाळत घातलेल्या खोलीचा वास कसा असतो ते माझ्या लेकीच्या शेजारणीनं मला साग्रसंगीत सांगितलंय.

पैसे पोचले की फोन कर. मेसेज नको. आणि सुरुवात तक्रारीनं करू नकोस, हेडनं कर. ‘माझं शेकरू तयार झालंय, शनिवारी मी मिरवणुकीत चालणार आहे. आपण शेजारी शेजारी चालूया का?’ एवढंच. मिरवणुकीचा रस्ता ठरलेला असतो, स्वयंसेवक असतात, सगळे एकाच दिशेनं चालतात. तिथं हात धरणारं माणूस प्रत्येकाला लागतंच असं नाही. उरलेल्या वेळाचे तास वाटून घ्या: सकाळी तू तिची, संध्याकाळी ती तुझी. तुमच्या त्या चेन्नईच्या मित्राला मात्र आधी विचार. दोन सूटवाल्या मैत्रिणींमध्ये बिनसुटाचा तिसरा सापडला की सॅक आपोआप त्याच्या पाठीवर जाते, आणि पुढच्या वर्षी तो मला पत्र लिहील.

एम रुसली तर? रुसेल थोडी. तिचं पहिलं वाक्य काय येतं ते बघ. ‘हेडचा फोटो पाठव’ आलं तर काळजी मिटली. ‘मग माझी बाटली कोण धरणार’ आलं तर तेही बरंच, निदान कंसातली गोष्ट कंसाबाहेर आली. तिनं खरंच तोंड फिरवलं, तरी तू जा. तिथं एकट्यानं आलेली माणसं ढिगानं असतात. आणि बहुतेकांकडे सूट नसतोच. चित्रांची वही, गळ्यात बिल्ला, झालं. तू वही घेऊन विक्रेत्यांच्या दालनाजवळ टेकलीस तर तासाभरात तुला तिथं चार जण ओळखतील.

आता आत्या. तिला खोटं सांगायला तू इतकी धडपडतेस की खरं सांगायला त्याच्या निम्मी मेहनत लागली नसती. मिरवणुकीला सारं शहर लोटतं, फोटो वर्तमानपत्रांत येतात. पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्या बाईनं हे प्रकरण कधीच पाहिलं नसेल असं तुला का वाटतं? कदाचित ती नातवंडांना घेऊन तुझ्याआधी तिथं जाऊन आली असेल.

एक सांगते, ‘आपल्याकडेही बोहाडा असतो की’ असं काही तिच्यापुढं मांडू नकोस. पत्रं वाचणाऱ्या शहाण्या मुलींना हा मुद्दा सुचतोच. मी जव्हारकडची, बोहाडा बघत वाढले. रात्रभर संबळ, पुढं टेंभे, आणि मुखवटा चढवलेला माणूस तेवढा वेळ देव असतो, गाव त्याला हात जोडतं. तुझं शेकरू देव नाही, ते तू आहेस. दोन्हींत गंमत आहे, पण एकाची साक्ष दुसऱ्यासाठी काढली की आत्या तुला तिथंच पकडेल, आणि तिचं बरोबर असेल.

तिला साधं सांग. ‘आत्या, गेल्या वर्षी कॉन्फरन्स नव्हती. मी प्राण्यांची चित्रं काढते ना, तशा लोकांचं संमेलन असतं. मी शेकरू झालेय. शनिवारी दुपारी आमची मिरवणूक आहे.’ आणि लगेच हेडचा फोटो दाखव, समोरून नको, बाजूनं. शेकरूचा तो तांबूस-तपकिरी रंग, पोटाकडचा सायीसारखा रंग आणि झुपकेदार शेपटी बाजूनंच खुलते. मंचरच्या लेकीला शेकरू म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. फरसोना, फॅन्डम वगैरे शब्द पहिल्या फोनवर काढू नकोस, विचारलं तर सांग. शनिवारी बालाजी जमणार नाही हेही त्याच दमात सांगून टाक. देऊळ १९७६ पासून तिथं आहे, रविवारीही असेल.

फक्त रविवारी जाताना एवढं कर. आंघोळ करून जा. तुमच्या लोकांत सहा-दोन-एकचा नियम आहे म्हणे, रोज सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. त्यातला शेवटचा आकडा आत्याच्या दारात उभं राहण्याआधी तरी पाळ. आणि घसा खवखवत असेल तर जाऊच नकोस. हजारो माणसांत तीन दिवस घालवून येणाऱ्यांना सर्दी-ताप धरतोच, आणि आत्याच्या घरी कुणी वयस्कर असेल तर पुरणपोळीच्या बदल्यात तू त्यांना खोकला देऊन येशील. पुढच्या शनिवारी जा, तीन तासांचा तर रस्ता आहे.

निघायच्या आधी घरी सराव कर. हेड घालून वीस मिनिटं, नुसती खोलीत नको, जिना चढ-उतर. आत बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-तोंड झाकणारी पातळ टोपी, घाल, नाहीतर घाम डोळ्यांत जातो आणि पंजे घातलेल्या हातानं तो पुसता येत नाही. शेपटीला पट्टा एकच असेल तर दुसरा लाव. शेकरूची शेपटी म्हणजे काही सशाची नव्हे, मागून येणारा लांडगा त्यावर पाय देणारच.

आत्याचा पहिला प्रश्न काय असेल तो मी आत्ताच सांगते: ‘किती पैसे घातलेस त्यात?’ खरा आकडा सांग. फोम, फर, ग्लू गनच्या कांड्या, सगळं धरून. आणि मग हळूच सांग की असं हेड कुणाकडून करवून घेतलं तर हजार डॉलरच्या पुढं जातं. पुढचं सगळं तीच बोलेल, बाबांशीसुद्धा.

— मावशी