अकरावीत पाच एपी? एक कमी करा

ताई, न्यू जर्सीत लेक सप्टेंबरमध्ये अकरावीला जाणार, पाच एपी (शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतलेत, वर डिबेट आणि एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा क्लास. वर्ष कसं बसवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते एक एपी काढाच. कॉलेजला अर्ज करताना हातात असलेलं शेवटचं पूर्ण वर्ष हेच, त्यामुळे इथे घसरलेले ग्रेड सावरायला पुढे वेळच उरत नाही. चार एपींनी काही बिघडत नाही. शाळेत किती एपी मिळतात हे शाळेचे काउन्सेलर कॉलेजांना कळवतातच, त्या मानानेच तिचे विषय जोखले जातात.

कुठला काढायचा? बहुतेक घरी पहिली कुऱ्हाड इतिहासावर पडते, कारण रोज रात्री ढीगभर वाचन आणि निबंध. मी उलट सांगेन, तो राहू दे. एमआयटीसारखं कॉलेजसुद्धा एक शिफारसपत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा, इतिहास अशा विषयांच्या शिक्षकाचं मागतं. आपल्या मुलांची गाडी या दुसऱ्या पत्राशी अडते. पत्रासाठी दोन्ही शिक्षकांना अकरावी संपताना, उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच विचारून ठेवायचं.

खरी कोंडी मेमध्ये होते. पहिले दोन आठवडे एपीच्या परीक्षा, त्यातच एसएटीची एक तारीख, पाठोपाठ जूनमध्ये दुसरी, आणि शाळेच्या फायनल्स. म्हणून एसएटी ऑगस्टमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये उरका, फार तर मार्चमध्ये पुन्हा. क्लासचे पैसे भरण्याआधी एसएटीच्याच ब्लूबुक ॲपवरच्या फुकट सराव परीक्षा सोडवू देत. ऑक्टोबरची पीएसएटी, म्हणजे एसएटीआधीची तशीच परीक्षा, त्याच तयारीत निघते. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीला अकरावीतली पीएसएटीच धरतात, पण न्यू जर्सीचा कटऑफ देशात सगळ्यात वरच्यांत असतो, तेव्हा तो हुकला म्हणून घरात सुतक नको.

आता पैशांचं, जे सहसा उशिरा कळतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या आर्थिक मदतीसाठी जे उत्पन्न बघतात, ते दहावीतल्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं. म्हणजे तुमचं ते वर्ष आत्ता चालू आहे. पुण्यातला फ्लॅट या डिसेंबरच्या आत विकलात, तर त्यातला नफा थेट त्या हिशेबात येईल. न विकता ठेवलात तरी बरीच खासगी कॉलेजं मागतात त्या सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या अर्जात तो दाखवावाच लागतो. मदत वजा जाता घरून किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर दर कॉलेजच्या साइटवर असतो. कॅम्पस बघायला विमानाची तिकिटं काढण्याआधी तुम्ही दोघांनी टॅक्स रिटर्न समोर ठेवून तो भरा.