पेटीपाशी : राणीघरं मोडण्याआधी अंडी शोधा

प्रश्न : नमस्कार ताई. पुण्यात वारज्याला आमच्या गच्चीवर सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाश्यांची एक पेटी आहे, पोळं बांधायच्या आठ चौकटींची. गेल्या दिवाळीनंतर घेतली. फेब्रुवारीत उघडून पाहिली तर एका पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी सात राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, लोंबत होती. ‘दिसली की मोडायची’ असं ऐकलं होतं, म्हणून सगळी चिमटीने मोडली. तरी पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास थवा निघाला आणि सोसायटीच्या आंब्यावर बसला. वॉचमन पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन लावत होता, तेवढ्यात थवा उडून गेला. त्याला दोन दिवस झाले. पेटीत निम्म्याच माश्या उरल्यात आणि पुन्हा चार राणीघरं दिसताहेत. हीही मोडू का? माझं काय चुकलं?
– एक नवखा मधपाळ, वारजे

उत्तर : अंक छापून येईपर्यंत राण्या थांबत नाहीत, म्हणून तुमचा मेल वाचल्या वाचल्या मी फोन केला होता. इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

फोनवर मी आधी विचारलं, अंडी दिसताहेत का? तुम्ही म्हणालात, ‘अंडी कशी दिसतात?’ तुमचं काय चुकलं, त्याचं उत्तर या प्रश्नातच आहे. चौकट हातात घ्यायची, सूर्य आपल्या खांद्यामागे ठेवायचा आणि ऊन पोळ्यातल्या घराच्या तळापर्यंत पोचेल अशी ती तिरकी धरायची. तळाला दोऱ्याच्या तुकड्याएवढी पांढरी रेघ दिसते, ते अंडं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे काल-आजपर्यंत राणी पेटीत होती. सातेरीची राणी काळपट आणि पळपुटी. ती शोधत बसलात तर नवशिक्याची सकाळ जाते आणि माश्या चिडतात. अंडी पुरेत.

तुमच्या पेटीत उभं अंडं एकही नव्हतं. जुनी राणी थव्याबरोबर गेली. अशा वेळी उरलेली चारही राणीघरं मोडली असती तर पेटीचं भवितव्यच धोक्यात आलं असतं. माश्यांना नवी राणी करायला अंडं तरी लागतं, नाहीतर फार तर तीन दिवसांची अळी. अंड्याचे तीन दिवस आणि अळीचे तीन, म्हणजे राणी गेल्यापासून सहा दिवस. त्यानंतर त्यांच्या हातात काही उरत नाही. मग कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, एकेका घरात दोन-दोन, चार-चार. त्यातून निघतात ते नुसते नर.

सात मोडूनही थवा का निघाला? कारण आठवं राहिलं होतं. मी फोन चालू ठेवूनच तुम्हाला बघायला लावलं, आणि ते बाजूच्या पट्टीला खेटून, माश्यांच्या घोळक्याखाली सापडलं. तोंड बंद झालेलं. चौकटीवरच्या माश्या मऊ ब्रशने बाजूला केल्याशिवाय राणीघरांची मोजदाद करू नये. शिवाय मोडून थवा थांबत नाही, लांबतो. माश्यांनी एकदा मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी नवी घरं सुरू. अंड्यापासून आठ-नऊ दिवसांत राणीघराचं तोंड बंद होतं, आणि साधारण तेव्हाच, हवा चांगली असेल तर, जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन निघते. म्हणून या दिवसांत दर सात दिवसांनी पेटी बघायची. ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणणाऱ्यांचेच थवे आंब्यावर बसतात.

आता या सगळ्यांतलं कोणतं ठेवायचं? लांब, सरळ आणि अंगावर खडबडीत नक्षी असलेलं ते. त्याच्या वरच्या पट्टीला एक टाचणी टोचून ठेवा. बाकीची काढा, नाहीतर पहिल्या कुमारी राणीमागे दुसरा, तिसरा थवा निघतो आणि सातेरीची पेटी मूठभर माश्यांवर येते. टाचणीची चौकट झटकायची नाही, उलटी धरायची नाही. राणी बाहेर यायच्या सुमारास माश्या घराच्या टोकावरचं मेण कुरतडतात आणि आतला तपकिरी कोष दिसू लागतो. त्यापुढे पेटी बंद. दोन-अडीच आठवडे तिच्याकडे फिरकू नका. मग उघडा, आणि पुन्हा तेच, खांद्यामागे सूर्य आणि अंडी शोधा.

पेटीच्या दाराला क्वीन गेट लावलं असेल तर ते आजच काढा. त्या फटींतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही. थवा अडवायला लोक ते लावतात, मीही लावलं होतं. धनकवडीला माझी दुसरीच पेटी. जुनी राणी अडली म्हणून मी खूश होते. पुढे ती पेटीतच मेली, नवी राणी निघाली आणि मिलनासाठी उडायला तिला दारच नव्हतं! महिन्याभराने उघडलं तर कामकरींच्या घरांवर गोळ्यांसारखे फुगीर टोपण. सगळे नर. सासूबाई म्हणाल्या, ‘पोरीला कोंडून ठेवलंस, आता नातवंडं कुठली?’ त्यांना माश्यांचं काही कळत नव्हतं, पण निदान अचूक होतं.

पुढच्या मोसमासाठी सांगते. राणीघरं म्हणजे पेटीने आधी दिलेली सूचना, तिच्याशी भांडू नका. त्याआधीची सूचना नरांची : सातेरीच्या नरघराचं टोपण टोकदार असतं आणि त्याच्या शेंड्याला सुईएवढं भोक असतं. नरघरं वाढली, चौकटी माश्यांनी भरल्या, की रिकामी पेटी तयार ठेवा. राणीघरांत अळ्या दिसल्या की जुनी राणी, पिल्लांच्या दोन-तीन चौकटी आणि एक मधाची, हे सगळं नव्या पेटीत घालून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या. फुलांवर जाणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात, म्हणून नव्या पेटीत एक-दोन चौकटींवरच्या माश्या जास्तीच्या झटका आणि संध्याकाळी साखरपाणी द्या, न सांडता. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या आधी जेवतात. माश्यांना थवाच हवा होता, तो तुम्ही आपल्या हाताने काढून दिलात. चैत्र-वैशाखात पुण्यातली गच्ची तापते. दोन्ही पेट्यांवर सावली आणि ओलं गोणपाट हवंच. सातेरी उन्हाला कंटाळून अख्खी पेटी सोडून जाते, तेव्हा राणीघरंही नसतात आणि सूचनाही.

वॉचमनला एवढं सांगा : फांदीवरच्या थव्याच्या पोटात प्रवासाचा मध भरलेला असतो, राखायला पिल्लं नसतात, त्यामुळे तो सहसा डसत नाही. पण उंच इमारतीच्या सज्जाला एकच मोठं उघडं पोळं लोंबत असेल तर ते आग्या. त्याच्या वाटेला तुम्ही-मी जायचं नाही.

आणि एकदा गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत जाऊन या. १९६२ पासूनची ही संस्था आपल्याच गावात आहे. उघडी चौकट दुसऱ्याच्या हातात पाहिली की जे कळतं, ते माझ्या कॉलमातून कळायचं नाही.

प्रश्न : राणीचा पंख कापला तर थवा निघणार नाही ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : निघतो. राणी उडू शकत नाही, दारापुढे जमिनीवर पडते, माश्या तिची वाट पाहून परत येतात, आणि आठवड्याभराने पंखवाल्या कुमारी राणीबरोबर पुन्हा जातात. जुनी राणी मात्र तोवर मुंग्यांना मिळालेली असते. आणि नवशिक्याच्या कात्रीखाली बऱ्याचदा पंखाबरोबर पायही येतो.