वाचकांचे प्रश्न : पेटीतली मिशनरी कार्डे

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाला एका शेजाऱ्यांनी जुनी पुस्तके दिली. त्यांच्यासोबत आलेल्या पत्र्याच्या पेटीत सुमारे तीस चित्र-पोस्टकार्डे निघाली. त्यांवर पांढऱ्या झग्यातले पाद्री, आफ्रिकेतील मूलनिवासी माणसे आणि फ्रेंच मजकूर आहे. शेजाऱ्यांचे आजोबा झांझिबारला नोकरीस होते. ही कार्डे किती जुनी असावीत, आणि ती प्रदर्शनात मांडावीत का? (एक वाचक, बार्देश)

उत्तर : पाद्र्यांच्या गळ्यात जपमाळ असेल, तर ते बहुधा ‘व्हाइट फादर्स’ असावेत. अल्जिअर्सचे फ्रेंच आर्चबिशप लाव्हिजरी यांनी १८६८ मध्ये तिथे हा कॅथलिक मिशनरी संघ स्थापन केला, आणि उत्तर आफ्रिकेतील पोशाखावरून घेतलेल्या पांढऱ्या झग्यामुळे त्याला हे नाव पडले.

काळ ठरवण्यासाठी कार्ड उलटे करावे. मागची बाजू पूर्णपणे पत्त्यासाठी राखलेली असेल आणि खुशालीच्या दोन ओळी चित्राच्या कडेला कोंबलेल्या असतील, तर कार्डाची घडण जुनी आहे. मागच्या बाजूचे उभ्या रेघेने दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहिण्याची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, आणि पुढच्या काही वर्षांत इतर देशांनीही दिली. एखादे कार्ड तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीतून, मोझांबिकहून, आलेले असेल आणि त्याच्या तिकिटावर राजाच्या चेहऱ्यावरून ‘रेपुब्लिका’ (प्रजासत्ताक) हा शब्द छापलेला असेल, तर ते १९१० च्या पोर्तुगीज राज्यक्रांतीनंतर टपालात पडले, हे नक्की. जुन्या पोर्तुगीज तिकिटांशी परिचय असलेल्या गोवेकरांना ही खूण नवी नाही.

आता चित्रांविषयी. ही कार्डे युरोपातील भाविकांकडून मिशनसाठी पैसा उभा करण्याकरिता छापली जात, त्यामुळे मिशनची गरजही दिसावी आणि मिशनचे यशही दिसावे, अशा बेताने दृश्य निवडलेले असे : एका कार्डावर कमरेला कातडे गुंडाळलेली माणसे, तर दुसऱ्यावर शाळेच्या ओट्यावर एकसारख्या सदऱ्यांत ओळीने बसवलेली मुले. त्या काळी कॅमेरा मंद होता म्हणून माणसे ताठ उभी दिसतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु १९०० च्या सुमारास कोरड्या काचपट्ट्यांवर उन्हात क्षणार्धात छायाचित्र घेता येत होते, तेव्हा हा ताठरपणा निदान काही अंशी उभे करणाऱ्याचा आहे. मथळा तर अवश्य वाचावा. पाद्र्याचे नाव पुष्कळदा पूर्ण असते, आणि शेजारच्या बाईच्या वाट्याला तेवढे जमातीचे नाव येते.

अशी चित्रे काढणाऱ्यांत केवळ युरोपीय लोकच होते, असे मात्र समजू नये. झांझिबारमधील गोम्स आणि कुतिन्यू हे छायाचित्रकार मूळचे गोव्याचे. त्यांच्या स्टुडिओंची कार्डेही जगभर गेली. ती मिशनची नसून बाजारासाठी केलेली होती, तरी माणसांना ‘स्थानिक नमुने’ म्हणून दाखवण्याची रीत त्यांच्यातही आढळते. आपल्याकडची कुणबी बाईदेखील जुन्या छायाचित्रांत तशीच, निनावी उभी आहे. ते चित्र आपण कौतुकाने दिवाणखान्यात लावतो, हा भाग वेगळा!

प्रदर्शनात कार्डे जरूर मांडावीत, परंतु उघड्या अंगाची चित्रे मोठी करून लावू नयेत. ती माणसे संमती देण्याच्या स्थितीत होती, असे मानण्यास आधार नाही. मूळ मथळा जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत द्यावा आणि त्याखाली ‘व्यक्तीचे नाव नोंदवलेले नाही’ एवढे लिहावे. कार्डांना लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावू नये, आणि पावसाळ्यात ती भिंतीवर ठेवू नयेत, कारण आपल्याकडच्या दमटपणात बुरशी धरायला पंधरा दिवसही पुरतात. प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूची झेरॉक्स शेजारी टांगावी. कोणी, कोणाला, कोठून लिहिले, हे तिथेच सापडेल, आणि त्या आजोबांचे हस्ताक्षर त्यात असेल, तर शेजाऱ्यांना ते आधी दाखवावे.