हॉलिवूडचे संगीतकार जॉन विल्यम्स आधी स्टुडिओत पियानो वाजवायचे, हे खरं आहे का?

हो, अगदी खरं. वडील ड्रमर, त्यामुळे संगीताचं जग त्यांना घरचंच. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते हॉलिवूडमध्ये इतरांच्या रचनांवर पियानो वाजवत. ‘पीटर गन’ (१९५८) या टीव्ही मालिकेचं, संगीतकार हेन्री मॅन्सिनींनी रचलेलं शीर्षकसंगीत ऐका. खर्जात एकच तुकडा सारखा घुमत राहतो ना, त्यातला पियानो विल्यम्स यांचा! माझ्या मते खरी तालीम तीच: समोर नोटेशन आलं की लगेच वाजवायचं, आणि शेजारी बसून दिग्गजांची वाद्ययोजना ऐकायची. पुढे ‘जॉज’ (१९७५) या चित्रपटाची दोन सुरांची धून त्यांनी दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गना पियानोवरच ऐकवली. स्पीलबर्गना आधी ती चेष्टाच वाटली. त्याच संगीताला ऑस्कर मिळालं.